एसीचा गॅस : घरी भरावा की दुकानात?

एप्रिल लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगरात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. होस्टेलवर कूलरच्या वाळ्याची आणि होस्टेलबाहेर गाडीच्या एसीची. "गार हवाच येत नाही हो, गॅस संपला वाटतं," हे वाक्य स्टाफच्या पार्किंगपासून मोंढा नाक्याच्या सिग्नलपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. त्यात मेकॅनिकलला शिकणारी भाची नाहीतर पुतणी घरात असली की विचारूच नका. "तू इंजिनिअर होणार ना, मग सांग, घरीच भरला तर चालेल का?" बाजारात गॅसचे छोटे डबे मिळतात, ऑनलाइन तर पाइप आणि गेजसकट मिळतात, आणि व्हिडिओ बघून आजकाल सगळ्यांनाच सगळं येतं. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेखाचा खटाटोप.

एक खुलासा आधीच करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना शब्दकोश शेजारी लागतो. त्यात रेफ्रिजरंटला 'प्रशीतक' असा भारदस्त शब्द सापडला. पण गॅरेजमध्ये जाऊन "प्रशीतक भरून द्या" म्हटलं तर मिस्त्री आधी मला पाणी विचारेल. म्हणून या लेखात तो 'गॅस'च. इव्हॅपोरेटरलाही आपल्याकडे सगळे 'कूलिंग कॉइल' म्हणतात, मीही तेच म्हणणार.

पहिली गोष्ट म्हणजे गॅस संपत नसतो. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्वच्या बारीक छिद्रातून गेल्यावर त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. आपला माठ हेच करतो. पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. फरक एवढाच, की माठातली वाफ हवेत निघून जाते म्हणून रोज पाणी घालावं लागतं. एसीत तीच वाफ पकडून परत द्रव करतात. बंद वर्तुळ आहे ते. रबरी होजमधून आणि सीलमधून वर्षाला काही ग्रॅम झिरपतो, ते धरून चालायचं. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीत थोडा गॅस कमी भरला तर नवल नाही. पण मागच्या उन्हाळ्यात भरला आणि या उन्हाळ्यात परत कमी, याचा अर्थ एकच. कुठेतरी गळती आहे.

आता किती गॅस असतो ते ऐका. छोट्या गाडीत साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम. बस्स! अर्धा किलो साखरेच्या पुडीपेक्षाही कमी. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेला असतो, गॅसच्या नावासकट. बॉनेट उघडून एकदा वाचाच. गाडी वीस-वीस वर्षं चालवणाऱ्यांनी तो वाचलेला नसतो. एकूणच चारशे ग्रॅम असतील तर शंभर ग्रॅमची चूक म्हणजे पंचवीस टक्के. वजनाच्या या आकड्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

घरगुती डब्याची सगळी मदार त्याच्या पाइपवरच्या गेजवर असते. गेजवर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात. काटा हिरव्यात आला की काम झालं, असं समजायचं. इथेच आपलं सेकंड इयरचं थर्मोडायनॅमिक्स कामाला येतं (शेवटी आलं एकदाचं!). घरातला स्वयंपाकाचा सिलेंडर आठवा. भरलेला असताना ज्योत जशी जळते तशीच तो निम्मा झाल्यावरही जळते, आणि मग एके दिवशी नेमक्या पोळ्यांच्या वेळी टप्प्याटप्प्याने नाही तर एकदम जातो. आत थोडाजरी द्रव शिल्लक आहे तोवर आतला दाब फक्त तापमानावर ठरतो, किती माल आहे यावर नाही. म्हणून सिलेंडर घेताना आपण गेज मागत नाही, १४.२ किलो वजन करून मागतो. एसीच्या गॅसचंही हेच. आर-१३४ए हा गेली दोन-अडीच दशकं आपल्या गाड्यांत चालणारा गॅस घ्या. एसी बंद असताना त्याचा दाब २० अंशाला सुमारे ६८ पीएसआय, ३० अंशाला ९७ आणि ४० अंशाला १३३ भरतो. गाडीत चारशे ग्रॅम असोत की दोनशे, काटा तोच! गेज वाचताना आपण खरं तर एक महागडा थर्मामीटर वाचत असतो.

"पण एसी चालू ठेवून गेज बघतात ना?" असं कोणी म्हणेल. बरोबर. चालू असताना लो साइडचा दाब उतरतो, साधारण तीस ते पंचेचाळीस पीएसआय. पण हा आकडा बाहेरच्या उन्हावर, इंजिनाच्या वेगावर, ब्लोअरच्या वेगावर आणि कॉम्प्रेसरच्या जातीवर हलतो. एक्स्पान्शन व्हॉल्वचं कामच मुळी कॉइलमधली परिस्थिती सांभाळून घेण्याचं असतं, आणि अनेक नव्या गाड्यांतला कॉम्प्रेसर आपली क्षमता कमीजास्त करून लो साइडचा दाब जागेवर ठेवतो. म्हणजे यंत्रणा स्वतःच कमतरता झाकते. अनुभवी मिस्त्री लो आणि हाय दोन्ही बाजू एकदम बघतो, पाइपला हात लावून बघतो, मग अंदाज बांधतो. डब्याच्या पाइपला एकच गेज, आणि तो फक्त लो साइडला बसतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. आर-१३४एच्या यंत्रणेत लो साइडचं तोंड १३ मिलिमीटरचं आणि हाय साइडचं १६ मिलिमीटरचं ठेवलंय, म्हणजे चुकून डबा हाय साइडला जोडता येऊ नये. तिथला दाब आपल्या मे महिन्यात सहज अडीचशे पीएसआयच्या वर जातो. पातळ पत्र्याचा डबा तिकडे जोडला तर गॅस डब्यातून गाडीत जाणार नाही, गाडीतून डब्यात येईल. पुढचं सांगायला नको. ज्यांना तोंडं बदलून 'जुगाड' करायचा मोह होतो त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता मामांची गोष्ट सांगते, कारण या लेखाला निमित्त तेच झाले. माझे मामा वेरूळ-अजिंठ्याला टुरिस्ट गाडी चालवतात. अजिंठा इथून शंभर किलोमीटर. उन्हात एसी बंद पडला की गिऱ्हाईक परतीच्या भाड्यात घासाघीस करतं, आणि पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जातो. एसी ही त्यांची चैन नाही, रोजी-रोटी आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी एका दुकानात गाडी दाखवली. दुकानदाराने गेज लावलं, "गॅस कमी आहे" म्हणाला आणि दहा मिनिटांत वरून भरून दिला. तीन आठवडे गारेगार. मग परत तेच. परत भरला, परत तीन आठवडे. तिसऱ्या वेळी मामा वैतागले. मला म्हणाले, "बाई, हा दहा मिनिटांचे एवढे घेतो, त्यापेक्षा मी डबेच आणून ठेवतो की! टायरात हवा भरतो तसं भरायचं, त्यात काय एवढं?"

खरं सांगायचं तर मामांचं गणित बरोबर होतं. त्या दुकानात जे होत होतं ते घरी डब्याने झालंच असतं, आणि स्वस्तात झालं असतं. मी एवढंच विचारलं, "मामा, टायर दर तीन आठवड्यांनी बसत असेल तर तुम्ही हवा भरत राहाल की पंक्चर काढाल?" यावर ते हसले, आणि आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या मिस्त्रीने भरायच्या आधी शोधायला सुरुवात केली. जोडांवर कुठे तेलकट डाग धरून धूळ चिकटलीय का ते बघितलं, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बारीक बाहेर येतं. मग उरलेला गॅस मशीनने काढून घेतला, नायट्रोजनचा दाब भरला आणि ब्रशने साबणाचा फेस लावत गेला. कंडेन्सर ठीक, कॉम्प्रेसर ठीक. शेवटी सर्व्हिस व्हॉल्वच्या टोपीखाली एकेक बुडबुडा यायला लागला. आत सायकलच्या व्हॉल्वसारखी एक पिन असते, तिचं रबर गेलं होतं. सगळ्या एसीतला सगळ्यात स्वस्त भाग! तीन वेळा भरलेला गॅस त्या पिनेतून हवेत गेला होता. आणि गंमत बघा, गॅस त्याच तोंडातून भरतात. म्हणजे दर वेळी मिस्त्रीची नळी गळतीच्या डोक्यावरच बसलेली होती.

अर्थात प्रत्येकाचं नशीब एवढं चांगलं नसतं. समोरून उडालेल्या खड्याने कंडेन्सर फुटतो, जोडाची ओ-रिंग वाळते, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील जातं. कूलिंग कॉइल गळत असेल तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि ते बिल बघून माणसाला तसाच गारवा येतो.

पिन बदलल्यावर मिस्त्रीने व्हॅक्यूम मारला, अर्धा तास. डब्याला जे अजिबात जमत नाही ते हेच काम, म्हणून थोडं थांबून सांगते. यंत्रणा एकदा रिकामी झाली की आत हवा आणि हवेबरोबर ओलावा शिरतो. हवा कंडेन्सरमध्ये जाऊन बसते, तिचा द्रव होत नाही, आणि तिचा दाब गॅसच्या दाबात मिळवला जातो (डाल्टनचा नियम, अकरावीचा). हाय साइड चढते, कॉम्प्रेसर धापा टाकतो. ओलावा त्याहून वाईट. तो एक्स्पान्शन व्हॉल्वच्या छिद्रात बर्फ होऊन अडकतो, तेलाशी आणि गॅसशी मिळून आम्ल तयार करतो, आणि आतलं ॲल्युमिनियम खातो. व्हॅक्यूमने हवा तर निघतेच, पण दाब इतका खाली जातो की आतलं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर येतं.

इथे आपल्या शहरासाठी एक खास मुद्दा आहे, जो कुठल्या परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. व्हिडिओतला माणूस गेजचा काटा २९ इंचांच्या पुढे नेऊन दाखवतो. तो समुद्रसपाटीजवळ राहतो! संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचाच दाब २८ इंच पाऱ्याच्या आसपास असतो, त्यामुळे पंप कितीही भारी आणला तरी काटा २८ च्या पुढे जाणार नाही. पंप खराब आहे म्हणून परत करू नका. ३० अंशाला पाणी उकळायला आतला दाब सव्वा इंचाच्या खाली जावा लागतो, म्हणजे आपल्याकडे काटा पावणेसत्तावीसच्या पुढे गेला तरच ओलावा निघतो. काही ठिकाणी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर व्हॅक्यूम पंप म्हणून लावतात. कल्पकतेला दाद द्यावी, पण काटा कुठे थांबतो ते बघूनच. आणि व्हॅक्यूम धरून राहिला म्हणजे गळती नाही, असंही पक्कं समजू नये. व्हॅक्यूममध्ये फरक जेमतेम एका वातावरणाचा असतो. चालू एसीत तो पंधरा-वीस पट असतो. म्हणून नायट्रोजन.

मग गॅस कसा भरायचा? वजनकाट्यावर सिलेंडर ठेवून, स्टिकरवरचा आकडा बघून. आपल्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. कुठल्याही कार कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर हेच दोन टप्पे असतात, आधी व्हॅक्यूम, मग मोजून गॅस. कारखान्यात कोणी हिरव्या पट्ट्यावर भरत नाही.

"थोडा जास्तच भर म्हणजे जास्त गार होईल," हा आपल्याकडचा आवडता सल्ला. होतं उलटं. जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साठतो, उष्णता टाकायला जागा कमी उरते, दोन्ही बाजूंचा दाब वाढतो. कॉइलमधला दाब वाढला की गॅस जास्त तापमानाला उकळतो, म्हणजे हवा कमी गार होते! त्यात द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर कॉम्प्रेसर गेला, कारण द्रव दाबला जात नाही. कमी भरला तरी सुटका नाही. तेल गॅससोबत फिरतं, गॅस कमी तर कॉम्प्रेसरला तेल कमी.

डब्याबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी. 'गळती बंद करणारं' द्रव्य मिसळलेले डबे मिळतात, ते घेऊ नका. ते जिथे हवा लागते तिथे घट्ट होतं, आणि एक्स्पान्शन व्हॉल्वमध्ये किंवा पुढे दुकानाच्या मशीनमध्येही घट्ट होऊ शकतं. डबा गाडीत ठेवून जाऊ नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशाच्या वर तापतो, आणि ६० अंशाला आत सोळा-सतरा बारचा दाब होतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीला तर डबा दाखवूसुद्धा नका. त्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये विजेची मोटर असते, तिला वेगळं तेल लागतं, आणि डब्यातल्या नेहमीच्या तेलाने इन्सुलेशनची वाट लागते. स्वस्तातल्या बनावट गॅसचीही भीती आहेच. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये सर्व्हिस झालेल्या काही रेफ्रिजरेटेड कंटेनरचे स्फोट झाले आणि माणसं दगावली. आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला होता. त्याची ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन असा पदार्थ तयार होतो जो हवा लागताच पेट घेतो.

आता हवेत गेलेल्या गॅसचं काय? आधीचा आर-१२ ओझोन खायचा. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी ते दाखवलं, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, १९९५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारत १९९२ मध्ये करारात आला आणि १ ऑगस्ट २००८ पासून आपल्याकडे औषधी इन्हेलरसारखे अपवाद वगळता सीएफसीचं उत्पादन थांबलं. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट आहे. एक ४५० ग्रॅमचा डबा हवेत गेला म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो धरा, तर हे झालं २८० लिटर पेट्रोल. पंधराच्या ॲव्हरेजने ४,२०० किलोमीटर, म्हणजे इथून पुण्याला नऊ वेळा जाऊन-येऊन. मामांच्या त्या एका पिनेने केवढा प्रवास केला बघा! युरोपात असे एकदाच वापरून फेकायचे डबे २००७ पासूनच बंद आहेत. अमेरिकेत डबा आजही मिळतो, पण २०१८ पासून त्याला आपोआप बंद होणारा व्हॉल्व सक्तीचा आहे. किगालीच्या दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, त्यानुसार या जातीच्या गॅसचा वापर आपल्याकडे २०२८ पासून गोठवायचा आहे. पुढच्या गाड्यांत आर-१२३४वायएफ वाढेल, तो हवामानाला सौम्य पण थोडा ज्वलनशील आहे. त्याच्याशी अंगणात खेळणं आणखी अवघड.

म्हणजे दुकानच बरं का? तर कुठलंही दुकान नाही. ज्याच्याकडे व्हॅक्यूम पंप नाही, वजनकाटा नाही आणि गळती शोधायची तयारी नाही, ते दुकान म्हणजे पाटी लावलेला डबाच. जाताना सरळ विचारा. गळती कशी शोधता? व्हॅक्यूम किती वेळ मारता? गॅस किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून देता का? शेवटच्या प्रश्नावर दुकानदाराच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

आणि गॅसचा विषय निघायच्या आधी घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. निम्म्या तक्रारी गॅसच्या नसतातच, असं मामांच्या त्या मिस्त्रीचं म्हणणं. वाळूज रोडची धूळ आणि कापसाच्या दिवसांत उडणारं तूस कंडेन्सरच्या जाळीत भरतं. साध्या पाइपच्या पाण्याने, दाब न देता, ते धुवा. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. केबिन फिल्टर काढून उजेडात धरा, पलीकडचं दिसत नसेल तर बदला. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का ते बघा. कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून लागतो का ते ऐका. गॅस फारच कमी असेल तर प्रेशर स्विच त्याला लागूच देत नाही, पण फ्यूज किंवा रिले गेला तरी लक्षण तेच. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहतं. आणि मधल्या जाळीत थर्मामीटर खोचून आकडा वहीत लिहून ठेवा, तारीख आणि बाहेरच्या तापमानासकट. पुढच्या वर्षी तुलना करायला तोच उपयोगी पडतो. थर्मामीटर आपल्या हीट ट्रान्सफर लॅबमध्ये मिळतो, फक्त रजिस्टरमध्ये सही करून पाचच्या आत परत द्यावा लागतो.